ठमीच्या रक्तात नसलेलं औषध

१

ठमी मेली तेव्हा तिच्या छातीत एका डुकराचं हृदय होतं आणि हातात अर्धवट सोललेलं केळं. हृदय माझ्या टेबलावर आलं, केळं आलं नाही. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. आयुष्यभर मेलेल्या जनावरांची शवविच्छेदनं केलेल्या बाईला, हृदय समोर असताना केळं कशाला आठवेल?

मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. सकाळी कुंड्यांना पाणी घालायचं, मग शेजारणीकडून सुनेच्या तक्रारी ऐकायच्या आणि सुनेकडून शेजारणीच्या, एवढाच उद्योग. त्यात एक दिवस संशोधन संस्थेच्या संचालकाचा फोन आला. हा एके काळचा माझा विद्यार्थी. वर्गात एका जागी बसायचा नाही म्हणून मी त्याला चुळबुळ्या म्हणायची. तो संचालक झाला, त्याला टक्कल पडलं, तरी माझ्या तोंडातून ते नाव काही गेलं नाही.

"मॅडम, ठमी गेली," तो म्हणाला. "आणि मला वाटतं, ती आपोआप गेलेली नाही."

ठमी ही बबून जातीची माकडीण. डुकराचं हृदय दुसऱ्या प्राण्याच्या छातीत टिकवता येतं का, हे त्या संस्थेत तपासत होते. काम सोपं नव्हतं. डुकराच्या पेशींवर एक साखर असते. ती दिसली की माकडाचं काय आणि माणसाचं काय, रक्त चवताळून उठतं आणि नवा अवयव बघता बघता काळानिळा पडतो. म्हणून इथे ती साखरच नसलेली डुकरं जन्माला घातली होती. तरीसुद्धा शरीराचे पहारेकरी परक्याला आज ना उद्या ओळखतातच. त्यांना गुंगीत ठेवायला रोज एक औषध टोचावं लागतं. त्या औषधावर ठमी मजेत जगत होती, येणाऱ्याजाणाऱ्याचे चष्मे ओढत होती.

"समिती बसायची आहे लवकरच," चुळबुळ्या सांगत होता. "ठमी अजून थोडी जगती तर माणसात प्रयोग करायची परवानगी मिळाली असती. आता 'कारण कळलं नाही' असं लिहून पाठवलं, तर ते प्रकरण बंद करतील. आणि पहिला पेशंट कोण आहे माहीत आहे ना तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं.

"ठमीचं ऑपरेशन ज्यांनी केलं ना, त्या आमच्या सर्जनबाई. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. माणसाचं हृदय मिळेल ही आशा सगळ्यांनी सोडलीय. हे मिळालं तर जगेल, नाही तर नाही."

मी कुंड्या तशाच टाकून निघाले.

ठमीला मी स्वतः उघडलं. हृदय सुजलेलं, त्यावर ठिपके. फुप्फुसांत थोडं पाणी, थकलेल्या हृदयामुळे साठतं तसं. यकृत जरा थोराड वाटलं. मूत्राशयात गडद नारिंगी लघवी. "गाजरं," चुळबुळ्या माझ्या खांद्यावरून डोकावत म्हणाला. "दादा तिला गाजरं फार देतात." दादा म्हणजे माकडांची देखभाल करणारा माणूस. संस्थेत सगळेच त्याला दादा म्हणत.

सूक्ष्मदर्शकाखाली चित्र स्पष्ट होतं. हृदयाच्या स्नायूत पहारेकरी पेशींचे जथे घुसले होते. साखरेमुळे होणारा नकार झटपट येतो आणि रक्तवाहिन्या फोडतो. हा तसा नव्हता. हा हळूहळू, घर पोखरत आलेला नकार होता. डुकरात खोट नव्हती. पहारेकरी जागे झाले होते, इतकाच अर्थ.

ते जागे का झाले, हे संध्याकाळी रक्ताच्या तपासणीतून समजलं. ठमीच्या रक्तात औषध जवळजवळ नव्हतंच.

२

औषध द्यायचं काम इम्युनॉलॉजिस्टचं, म्हणजे या पहारेकऱ्यांच्या तज्ज्ञाचं. बाकीचे त्याला पाठीमागे मोजपट्टी म्हणत, कारण चहात साखरसुद्धा तो चमचा सपाट करून घालायचा. मी त्याच्या खोलीत गेले तेव्हा तो खुर्चीत ताठ बसला होता आणि त्याचे डोळे लाल होते.

"मला विचारायच्या आधीच सांगतो," तो म्हणाला. "इंजेक्शन मी स्वतः द्यायचो. रोज. एकही दिवस चुकला नाही."

"कुणी बघायचं?"

"इथली पद्धतच आहे. एकाने टोचायचं, दुसऱ्याने बघायचं. नर्स समोर असायची."

"म्हणजे उंदराला मांजर साक्ष."

तो दुखावला. "नर्स सर्जनबाईंच्या विभागातली आहे, मॅडम. त्यांच्या आणि आमच्या विभागात विस्तवही जात नाही. माझ्या हातून थेंबभर सांडला असता तर तिने सगळ्या संस्थेत दवंडी पिटली असती."

हे मी नंतर नर्सला विचारलं. तिने ते आनंदाने कबूल केलं.

"बाटल्यांत पाणी भरलं असेल कुणी?"

"सीलबंद बाटल्या तुम्हीच तपासायला पाठवा." मी पाठवल्या. औषध अस्सल निघालं, पूर्ण ताकदीचं.

मोजपट्टी उठून खिडकीशी गेला. "गेले काही आठवडे तिच्या रक्तातलं औषध उतरत चाललं होतं. मी डोस वाढवला, तरी उतरलं. पुन्हा वाढवला, पुन्हा उतरलं. मला वेड लागायची पाळी आली. मी रोज दादांना बजावायचो, बाबा रे, हिचे पहारेकरी आपण झोपवून ठेवलेत, हिला साधी सर्दीसुद्धा मारेल, जप हिला. आणि इकडे तेच पहारेकरी जागे होत होते."

"दुसरं एखादं औषध? असं एखादं, जे याला मारक ठरेल?"

"दुसरं काही दिलंच नव्हतं. तिच्या पोटात काय जातं ते सगळं मी ठरवत होतो."

माणूस हुशार होता. पण जे आपण ठरवतो तेवढंच घडतं असं मानणारी हुशारी मला जरा कमीच पटते.

"सकाळी ती गेली तेव्हा तिथे कोण होतं?"

"दादा. त्यांनी केळं दिलं, तिने घेतलं आणि बसल्या जागी कलंडली. त्यांच्या हाका ऐकून मी धावत गेलो. मुठीत केळं तसंच होतं." मग ज्या गोष्टीसाठी तो मघापासून धीर गोळा करत होता ती बोलला.

"सर्जनबाईंना डोस कमी हवा होता. आमची भांडणं झालीत त्यावरून. इतकं औषध माणसाला झेपणार नाही, त्यांचा भाऊ जंतुसंसर्गाने मरेल, असं त्यांचं म्हणणं. कमी औषधात ठमी जगते हे त्यांना दाखवून द्यायचं होतं." तो माझ्याकडे वळला. "आणि औषधांच्या कपाटाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते."

३

सर्जनबाई भावाच्या खोलीत भेटल्या. पलंगावर उशांना टेकून बसलेला माणूस चाळिशीतला असावा, पण ओठ निळसर आणि पाय सुजून खांबासारखे झालेले. दोन वाक्यांमध्ये तो थांबून श्वास घ्यायचा आणि तरी बोलायचा थांबत नव्हता.

"या मावशी. ताईने सांगितलं, तुम्ही मेलेल्यांच्याच डॉक्टर आहात. जरा लवकर आलात."

"गप रे," बहीण म्हणाली.

"लग्नासाठी इतक्या मुली बघितल्या, एकीनेही मन दिलं नाही. शेवटी एक डुक्कर हृदय द्यायला तयार झालं, तर तिथेही मोडता." तो हसला आणि हसण्याचीच त्याला धाप लागली. बहिणीने त्याच्या पाठीखाली हात घालून त्याला उचललं. बायका तान्ह्या बाळाला उचलतात तसं, विचार न करता.

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो.

"मला ताकाला जाऊन भांडं लपवता येत नाही," मी म्हणाले. "ठमीचं औषध तुम्ही कमी केलंत का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली. "ती मेली तर हा मरतो, मॅडम. मी तिचं औषध काढून घेईन?"

"कमी औषधात जगेल असं वाटत असेल तर."

"वाटत होतं. म्हणून भांडले. भांडून हरले आणि गप्प बसले." त्या कठड्याला टेकल्या. "उलट मला मोजपट्टीचाच संशय होता. तो आकडे फुगवून सांगतोय, औषध उतरलं म्हणतोय म्हणजे डोस वाढवायला निमित्त मिळेल, असं वाटलं. म्हणून मी स्वतः ठमीचं रक्त काढलं आणि ओळखीच्या दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवलं. कुणाला न सांगता."

"मग?"

"तो खरं बोलत होता. औषध खरंच नव्हतं. मी त्याची माफी मागायला हवी होती, पण तोंड उघडलं नाही माझं."

म्हणजे रक्ताचे नमुने बदललेले नव्हते. बाटल्या बदललेल्या नव्हत्या. सुई शत्रुपक्षाच्या देखत टोचली जात होती. दोघे एकमेकांवर डोळ्यांत तेल घालून पहारा करत होते आणि त्या दोघांच्या मधून औषध नाहीसं होत होतं.

"कधी लागेल निकाल?" सर्जनबाईंनी विचारलं. आवाज डॉक्टरचा नव्हता, बहिणीचा होता. "म्हणजे, समितीला कारण तरी सांगता येईल का? हृदयात दोष नव्हता, एवढं तरी?"

मी सांगते म्हणाले. काय सांगणार, ते मला माहीत नव्हतं. ठमीच्या शरीरात रोज औषध जात होतं आणि रक्तात सापडत नव्हतं. मग ते जात होतं कुठे?

४

माकडांच्या दालनात शिरताना गाऊन, टोपी, मास्क चढवावा लागतो. आत सगळे सारखेच दिसतात, फक्त डोळे तेवढे ज्याचे त्याचे. दादाने तर मास्कवर मास्क चढवला होता. तो ठमीचा रिकामा पिंजरा पुसत होता. पिंजरा आधीच इतका लख्ख होता की त्यात तोंड दिसावं.

"तिथे आता कोण येणार आहे, दादा?"

"कुणी नाही, बाई. हाताला सवय झालीय."

बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. केस पिकलेले, गाऊन अंगावर सैल झालेला. ठमी ऑपरेशननंतर कुणाच्याच हातून खात नव्हती, चुळबुळ्याने मला सांगितलं होतं. नर्सला चावली, मोजपट्टीच्या अंगावर ताट फेकलं. फक्त दादाच्या हातून खायची. म्हणून त्याने कित्येक महिने रजा घेतली नव्हती.

"आजारी पडली की मुलं आईलाच त्रास देतात ना, तसं होतं तिचं," तो म्हणाला. "मला मुलंबाळं नाहीत. बायको गेली. ही होती."

मी त्याला त्या सकाळबद्दल विचारलं. त्याने तेच सांगितलं. केळं दिलं, तिने घेतलं, कलंडली.

"मग ते केळं कुठे गेलं?"

तो पुसायचा थांबला. "टाकून दिलं असेल मी. मेलेल्याच्या हातात खाणं बघवत नाही."

यात खोटं वाटावं असं काहीच नव्हतं. मलाही बघवलं नसतं. तो खोकला, तोंड फिरवून, खोकला आत दाबत. मग डोळे पुसायला त्याने खिशातून रुमाल काढला. पांढरा रुमाल, पण त्यावर पिवळट नारिंगी डाग होते, धुऊनही न गेलेले. मला गंमत वाटली. पिंजऱ्याचा गज न् गज घासणारा माणूस स्वतःच्या रुमालाला साबण लावत नाही.

"गाजरं फार द्यायचात म्हणे तिला?"

"आवडायची. सगळ्यांनाच देतो, त्यांनाही आवडतात." त्याने बाकीच्या पिंजऱ्यांकडे हात केला. पिंजऱ्यांतून गाजरांचे तुकडे पडले होते. एक म्हातारा नर गाजर दोन्ही हातांत धरून मोठ्या गांभीर्याने कुरतडत होता. पिंजऱ्यांखालचे ट्रे अजून धुवायचे होते.

मी दालनातून बाहेर आले, गाऊन उतरवला, टोपी टाकली आणि हात धुवायला नळ सोडला. पाणी वाहत राहिलं आणि मी तशीच उभी राहिले.

गाजरं सगळेच खात होते. पण बाकी एकाही ट्रेमधली लघवी नारिंगी नव्हती.

५

सगळ्यांना एका खोलीत जमवून एकावर बोट रोखायचं, हे नाटक मला जमत नाही. मी दादाला इमारतीच्या मागच्या बाकावर बोलावलं. ऊन चांगलं होतं, वाराही होता. मी मुद्दाम उघड्यावर बसले. त्याने ते ओळखलं असावं, कारण तो बाकाच्या अगदी टोकाला, माझ्यापासून लांब बसला.

"मी बोलते, दादा. चुकलं तर मला थांबवा."

तो जमिनीकडे बघत राहिला.

"ठमीला औषध टोचलं जात होतं, तरी रक्तात नव्हतं. म्हणजे ते शरीरातच कुणीतरी संपवत होतं. औषधं संपवायचं काम यकृताचं. तिचं यकृत मोठं झालेलं मी बघितलं होतं, जादा काम पडल्यासारखं. यकृताला असं कामाला जुंपणारी काही औषधं आहेत. त्यातलं एक तर कुठल्याही दवाखान्यात मिळतं. ते घेतलं की लघवी नारिंगी होते. घामही. आसवंसुद्धा."

त्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"ठमीची लघवी नारिंगी होती, इतरांची नाही. म्हणजे कारण गाजरं नव्हेत. आणि तुमचा रुमाल नारिंगी आहे. तुम्ही डोळे पुसलेत तेव्हा मी समोरच होते. ते रिफॅम्पिसिन आहे, दादा. टीबीच्या गोळ्यांतलं. तुम्ही स्वतः ते घेताय, आणि ठमीलाही देत होतात. केळ्यातून. म्हणून ते केळं तिच्या हातातून काढून घेतलंत."

त्याने मास्कच्या आतून, हळू आवाजात सांगायला सुरुवात केली.

खोकला सुरू झाला तेव्हाच त्याला कळून चुकलं होतं. माकडांजवळ काम करणाऱ्यांची टीबीची तपासणी होते. तिचा दिवस आला तेव्हा त्याने नातेवाइकाच्या लग्नाचं निमित्त सांगून दांडी मारली. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात जाऊन त्याने गोळ्या सुरू केल्या. तरुणपणी तो दुसऱ्या एका ठिकाणी कामाला होता. तिथे एका माकडाला टीबी निघाला होता.

"सगळं दालन रिकामं केलं, बाई. एकेकाला सुई टोचून. मी धरून ठेवायचो आणि ती माझ्याकडे बघायची. त्यात म्हातारी माकडं होती, लेकुरवाळी होती. पुन्हा ते हातून नको होतं मला."

"मग रजा घ्यायची."

"आणि ठमी? उपाशी मेली असती ती. म्हणून मी दोन-दोन मास्क लावले, तोंड फिरवून खोकलो. पण साहेब रोज सांगायचे, हिचे पहारेकरी झोपलेत, साध्या सर्दीनेही मरेल. मला रात्रंदिवस तेच ऐकू यायचं. कुणाला लागण झाली तर पहिली हिलाच होणार. म्हणून मी..." तो थांबला. "माझ्या गोळ्यांतल्या निम्म्या मी तिला द्यायचो. निम्म्या मी घ्यायचो. जास्तीच्या मागितल्या असत्या तर दवाखान्यात विचारलं असतं ना, कुणासाठी म्हणून."

मला वाटतं, त्या बाकावर झाले तितकी हतबल मी कधीच झाले नव्हते. स्वतःच्या फुप्फुसांतला घास काढून त्याने माकडिणीला भरवला होता, आणि हे त्याला मुळीच मोठं वाटत नव्हतं.

"मी तिला औषध दिलं, बाई," तो म्हणाला. "विष नाही दिलं."

"माहीत आहे."

"मग ती कशाने गेली?"

तेव्हा मला समजलं की हे त्याला अजून उमगलेलंच नाही. केळं त्याने लपवलं ते टीबी लपवण्यासाठी. गोळीचा आणि मरणाचा संबंध त्याच्या ध्यानीमनीही नव्हता. मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही कधी कधी वाटतं. पण कारण समितीला सांगायचं होतं आणि त्याच्या कानावर ते कुणाकडून तरी जाणारच होतं.

"ती गोळी यकृताला खा-खा सुटल्यासारखं करते, दादा. मग ते समोर येईल ते औषध फस्त करतं. साहेबांनी टोचलेलंही. तुमची गोळी पोटात गेली की त्यांचं औषध संपायचं, आणि पहारेकरी जागे व्हायचे. त्यांनी तिचं हृदय..."

त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि त्यांच्याकडे, दुसऱ्या कुणाचे असावेत तसं बघत राहिला.

"आणि टीबी? तो झाला होता का तिला?"

"डोळ्यांना तर काही दिसलं नाही. पण तेवढ्यावर सांगता येत नाही. फुप्फुसाचा तुकडा जंतू वाढवायला ठेवावा लागेल. त्याला आठवडे लागतात."

"आणि बाकीची?" त्याने दालनाच्या भिंतीकडे मान वळवली. आतून कुणीतरी ताट आपटत होतं.

६

दादा स्वतःच चुळबुळ्याच्या खोलीत गेला आणि सगळं सांगून आला. मोजपट्टी तिथेच होता. तो ओरडेल असं मला वाटलं होतं. त्याने फक्त विचारलं, "सर्दीचं मी रोज म्हणायचो, त्यामुळे?" आणि दादा म्हणाला, "तुम्ही बरोबरच सांगत होतात, साहेब." त्यावर मोजपट्टी उठून बाहेर गेला आणि त्या दिवशी पुन्हा दिसला नाही. दादाला क्षयाच्या रुग्णालयात दाखल केलं.

माझा अहवाल समितीला पटला. हृदयात दोष नव्हता, औषधातही नव्हता. प्रकरण बंद झालं नाही. पण माकडांचं दालन सील झालं, आणि ठमीच्या फुप्फुसांचा निकाल येईपर्यंत इथून एकही अवयव माणसाकडे जाणार नाही असं समितीने ठरवलं. त्यांचं चूक होतं असं मला म्हणता येत नाही. क्षयाचा संशय असलेल्या आवारातून निघालेलं हृदय मीही कुणाच्या छातीत बसवू दिलं नसतं.

मग सगळे वाट बघत बसलो. राहिलेल्या माकडांच्या पापणीत तपासणीची सुई टोचायची आणि पापणी सुजून टीबीची लागण दिसते का बघायचं, हे काम मी मागून घेतलं. एकाचीही सुजली नाही. मी ते चुळबुळ्याला सांगितलं, त्याने समितीला सांगितलं. समिती म्हणाली, छान, पण फुप्फुसांचा निकाल येऊ द्या.

सर्जनबाईंचा भाऊ निकाल यायच्या आधी गेला. मी भेटायला गेले तेव्हा त्या त्याचा पलंग आवरत होत्या. नर्सचं काम होतं ते, पण त्यांनी तिला हात लावू दिला नाही. "शेवटी विचारत होता," त्या म्हणाल्या, "की डुकराने नकार दिला का. मी म्हटलं नाही रे, ते तयारच होतं." एवढं बोलून त्या खाली बसल्या आणि उशी छातीशी धरून हमसून हमसून रडल्या. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. मेलेल्यांच्या डॉक्टरला जिवंतांजवळ काय करायचं ते नीटसं येत नाही.

निकाल त्यानंतर आला. ठमीच्या फुप्फुसांत टीबीचा एकही जंतू नव्हता. ज्यांना गोळी मिळाली नव्हती ती माकडंही सगळी निरोगी होती. म्हणजे दादाचा आजार त्याच्या दोन मास्कांच्या बाहेर कधी पडलाच नव्हता. दालनातलं एकही माकड मारावं लागणार नव्हतं. आणि ठमीला त्या गोळीची कधीच गरज नव्हती.

हे त्याला सांगायचं होतं. मी सर्जनबाईंना सहज म्हणाले की दादाकडे चाललेय. त्या म्हणाल्या, "मी येते."

"तुम्ही कशाला?"

"मला माहीत नाही. पण येते."

रुग्णालयाच्या दारात तिथल्या नर्सने आम्हाला अडवलं आणि मास्क दिले. "तुम्ही घरचे का? जरा समजवा त्यांना. गोळ्या घेत नाहीत. हातात घेतात आणि उशीखाली ठेवतात. अशाने कसे बरे होणार?"

दादा खिडकीजवळच्या पलंगावर होता. तो आणखी आटला होता. सर्जनबाईंना पाहून तो उठायला लागला आणि त्याला उठता आलं नाही. भाऊ गेल्याचं त्याला कुणीतरी सांगितलेलं असावं, कारण त्याने हात जोडले आणि ते खाली घेतलेच नाहीत.

मी निकाल सांगितला. सगळी माकडं वाचली, हे आधी सांगितलं. त्याने डोळे मिटले. त्याच्या गालांवरून खरं, निर्मळ सुख ओघळताना मी पाहिलं. ते क्षणभरच टिकलं, कारण माणूस विचार करणारा होता.

"म्हणजे ठमीलाही नव्हता," तो म्हणाला.

"नव्हता."

"मग मी तिला फुकटच..."

मी उत्तर शोधत होते. काहीतरी मऊ, काहीतरी अर्धंमुर्धं. ते मला सापडायच्या आत सर्जनबाई बोलल्या.

"हो, दादा. फुकटच."

त्यांनी स्टूल ओढलं आणि पलंगाला लागून बसल्या. इतक्या जवळ त्या खोलीत कुणी बसत नसे. उशीखाली हात घालून त्यांनी गोळ्या बाहेर काढल्या, शिळ्या झालेल्या बाजूला केल्या आणि नर्सकडून आजच्या मागून घेतल्या.

"माझा भाऊ गेला," त्या म्हणाल्या. "ठमी गेली. मला तुमचा राग येतो. सकाळी उठल्या उठल्या येतो आणि निजेपर्यंत जात नाही. पण आणखी कुणी गेलेलं मला आता सोसायचं नाही. तोंड उघडा."

"बाई, मला कशाला जगवता?"

"तोंड उघडा, दादा. सगळ्या घ्यायच्या. निम्म्या नाही."

त्याने मास्क खाली केला. त्यांनी एकेक गोळी त्याच्या जिभेवर ठेवली आणि दर गोळीला पाण्याचा पेला त्याच्या ओठांशी धरला. शेवटची गिळून झाल्यावर जीभ वर करायला सांगितली. तो लहान मुलासारखा जीभ वर करून बसला, त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि बाई वाकून नीट बघत होत्या, एखादी खाली राहिली नाही ना. मग त्यांनी त्याचा मास्क पुन्हा वर ओढला, कानामागे नीट बसवला आणि पेला पालथा घातला.

"उद्या याच वेळेला येते," त्या म्हणाल्या.